भंडाऱ्याचा मतदार आणि फुटबॉलचा मतदार

जवाहरनगर (जि. भंडारा) : नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत असलेली ही वसाहत आयुध निर्माणीच्या कामगारांची. साठच्या दशकात येथे स्फोटके तयार करणारा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती क्वार्टर्स, शाळा, बाजार आणि मैदाने असे एक गावच वसले. फुटबॉल या खेळाच्या जागतिक राजकारणाशी या वसाहतीचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो मतपेटीतून जाणारा आहे. जवाहरनगर ज्या लोकसभा मतदारसंघात येते, त्या भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी १० एप्रिल २०१४ रोजी मतदान केले. १६ मे रोजी निकाल लागला, तेव्हा केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रफुल्ल पटेल हे भाजपचे नाना पटोले यांच्याकडून सुमारे दीड लाख मतांनी पराभूत झाले होते. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, याच मतदारांनी त्याच पटेलांना सुमारे अडीच लाखांच्या आघाडीने लोकसभेत पाठवले होते.

या पराभवानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, आणखी एक निवडणूक झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी तेच प्रफुल्ल पटेल सलग तिसऱ्यांदा निवडून आले. विरोधात एकही अर्ज नव्हता.

व्यक्ती एक आणि निवडणुका दोन. पहिल्या निवडणुकीत मतदाराने पाच वर्षांत आपला कौल पार उलटा केला. दुसऱ्या निवडणुकीत मतदाराला कौल देण्याची वेळच आली नाही. क्रीडा संघटनांमधील गैरकारभार, त्यावरून होणारी राजीनाम्याची मागणी आणि त्या मागणीचे पुढे होणारे काहीच नाही, या साऱ्याचे मूळ या फरकात आहे. पदावर बसलेल्या माणसाचा स्वभाव, त्याचा पक्ष, त्याची नीतिमत्ता यांवर आजवर भरपूर लिहिले गेले. त्याला निवडणारे कोण आणि त्यांना त्याच्याकडून काय मिळते, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

ब्लॅटर यांचे चार दिवस

याचे सर्वात ठळक उदाहरण जगाने २०१५ साली पाहिले. २७ मे रोजी पहाटे झुरिचमधील बाउर ओ लाक या पंचतारांकित हॉटेलात स्विस पोलीस शिरले आणि अमेरिकेच्या विनंतीवरून त्यांनी फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना अटक केली. अमेरिकी न्याय खात्याने पहिल्या आरोपपत्रात १४ जणांची नावे घेतली होती. प्रक्षेपण आणि विपणनाच्या हक्कांसाठी दोन दशकांहून अधिक काळ पंधरा कोटी डॉलरहून अधिक रकमेची लाच दिली-घेतली गेली, असा आरोप होता. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लॅटर त्यात आरोपी नव्हते. तथापि ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले त्यांनी पायउतार व्हावे, ही मागणी साहजिक होती. युरोपीय महासंघाचे मिशेल प्लॅटिनी यांनी समोरासमोर भेटून त्यांना पद सोडण्यास सांगितले. ब्लॅटर यांनी नकार दिला. आशियाई महासंघाने याच सुमारास त्यांना पाठिंबा जाहीर केला.

दोन दिवसांनी, २९ मे रोजी, मतदान झाले. ब्लॅटर यांना १३३ मते, जॉर्डनचे राजपुत्र अली यांना ७३. सहकारी तुरुंगात, जगभरची वृत्तपत्रे विरोधात, आणि तरीही जवळजवळ दोनतृतीयांश मते पदरात! वृत्तपत्रांनी त्याला निर्लज्जपणा म्हटले. मतदारांच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्या मतदानात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. फिफात देशागणिक एक मत आहे. जर्मनीचे एक, ब्राझीलचे एक आणि लाख-सव्वा लाख वस्तीच्या एखाद्या कॅरिबियन बेटाचेही एकच. १९९९ पासून ‘गोल’ या योजनेतून छोट्या संघटनांना कार्यालये, मैदाने, प्रशिक्षण केंद्रे मिळू लागली. ज्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्नच नाही, अशा संघटनांच्या दृष्टीने झुरिचमधील अध्यक्ष म्हणजे भ्रष्टाचाराचा संशयित नव्हे. कार्यालयाचे छप्पर घालून देणारा यजमान होय. त्याला पाडण्यासाठी ते मत का देतील?

२ जूनला ब्लॅटर यांनी पद सोडण्याची घोषणा केली. मतदारांनी मात्र त्यांना घालवले नव्हते. अमेरिकी तपास यंत्रणेचा फास आवळत होता आणि युरोपातील बलाढ्य संघटना दुरावल्या होत्या. बरे, घोषणा केली तरी खुर्ची सोडली नाहीच. नव्या निवडणुकीपर्यंत ते पदावर राहणार होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीस कोका-कोला, मॅक्डोनाल्ड्स, व्हिसा आणि बडवायझर या पुरस्कर्त्यांनी तत्काळ राजीनामा द्या, असे जाहीरपणे सांगितले. त्यालाही त्यांनी दाद दिली नाही. अखेर ८ ऑक्टोबरला फिफाच्याच नीतिमत्ता समितीने त्यांना निलंबित केले आणि डिसेंबरमध्ये प्लॅटिनी यांच्यासह त्यांच्यावर आठ वर्षांची बंदी घातली. अपिलात ती सहा वर्षांवर आली. प्लॅटिनी यांना दिल्या गेलेल्या वीस लाख स्विस फ्रँकच्या ज्या व्यवहारावरून ही बंदी आली, त्याच व्यवहाराच्या फौजदारी खटल्यात स्विस न्यायालयांनी दोघांना २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये निर्दोष ठरवले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

ब्लॅटर गेल्यावर काय झाले? फेब्रुवारी २०१६ मध्ये जियानी इन्फॅन्टिनो अध्यक्ष झाले. निवडणुकीपूर्वी त्यांनी सदस्य संघटनांना दिलेले आश्वासन असे की, प्रत्येकीला चार वर्षांत पन्नास लाख डॉलर मिळतील. २०२३ ते २०२६ या काळासाठी ही मर्यादा ऐंशी लाख डॉलरवर गेली. सुधारणांचा भाग म्हणून अध्यक्षाला बारा वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये फिफा परिषदेने इन्फॅन्टिनो यांची पहिली ३९ महिन्यांची कारकीर्द त्या हिशेबात धरायची नाही, असे ठरवले. मार्च २०२३ मध्ये किगाली येथे त्यांची फेरनिवड झाली, तीही मतदान न होता, टाळ्यांच्या गजरात. पैशाचा हिशेब आता पूर्वीपेक्षा बराच उघड आहे, हे खरे. पण देणारा आणि मत घेणारा एकच, ही रचना जशीच्या तशी आहे.

आठ आठवड्यांचे काम

भारतीय महासंघाची कथा यापेक्षा वेगळी आहे आणि ती वेगळी ठेवूनच सांगितली पाहिजे. झुरिचमध्ये आरोप लाचेचे होते. दिल्लीतील मुख्य वाद मुदतीचा होता. महासंघाच्या कारभारासंदर्भात पटेल यांच्यावर आर्थिक भ्रष्टाचाराचा कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांच्या कारकिर्दीत २०१७ ची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेरा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ती मैदानावर जाऊन पाहिली आणि भारताचा पुरुष संघ त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत शंभराच्या आत आला. २०१९ मध्ये ते फिफा परिषदेवर निवडून गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले भारतीय होत. गोंदियाच्या विडी उद्योगातील घराण्यात वाढलेला, तेथील नगराध्यक्षपदापासून सुरुवात केलेला माणूस झुरिचच्या त्या टेबलापर्यंत गेला, याचे विदर्भात कौतुकही झाले.

प्रश्न निराळा होता. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार क्रीडा महासंघाच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षे पदावर राहता येत होते. पटेल यांच्याआधी प्रियरंजन दासमुन्शी वीस वर्षे अध्यक्ष होते. २००८ मध्ये ते गंभीर आजारी पडल्यावर पटेल यांनी कार्यभार हाती घेतला आणि २००९, २०१२ व २०१६ अशा तीन मुदती त्यांना मिळाल्या. २०१६ च्या निवडणुकीला ज्येष्ठ वकील राहुल मेहरा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाने क्रीडा संहितेचे पालन झाले नाही म्हणून ती निवडणूक रद्द ठरवली. दहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. पण त्याच वेळी माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांना महासंघाची नवी घटना तयार करण्यास सांगितले. त्यासाठी दिलेली मुदत होती आठ आठवडे.

मसुदा बंद पाकिटात न्यायालयापुढे आला जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर करोनाची साथ आली. डिसेंबर २०२० मध्ये पटेल यांची तिसरी मुदत संपली. तेव्हा महासंघाने असा पवित्रा घेतला की, घटनेचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याने निवडणूक घेता येत नाही आणि निवडणूक होत नाही तोवर विद्यमान कार्यकारिणीच काम पाहील. कायद्याच्या भाषेत या युक्तिवादाला काही आधार असेलही. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की, ज्या खटल्यात अध्यक्षाच्या निवडीला आव्हान होते, तोच खटला अध्यक्षाच्या मुदतवाढीचे कारण ठरला. पुढे केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, या कार्यकारिणीला पदावर राहण्याचा अधिकार उरलेला नाही. १८ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. पी. एस. नरसिंह यांच्या खंडपीठाने कार्यकारिणी दूर करून माजी न्यायमूर्ती अनिल दवे, कुरेशी आणि गांगुली यांची प्रशासक समिती नेमली.

या साऱ्या काळात राजीनाम्याची मागणी झाली नाही असे नाही. माजी खेळाडूंनी केली, क्लबचालकांनी केली, वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर झाली. पण महासंघाच्या सर्वसाधारण सभेत ती कोणी केली नाही. ज्या राज्य संघटनांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क होता, त्यांपैकी कित्येकांचा स्वतःचा कारभार याच पद्धतीने चालत होता. संहितेतील बारा वर्षांची मर्यादा आज वर लागू झाली, तर उद्या ती खालीही येणार, हे त्यांना कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

न्यायालय आणि झुरिच

येथवरची कथा क्रिकेटप्रेमी वाचकाला ओळखीची वाटेल. २०१३ मध्ये स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात एन. श्रीनिवासन यांच्या जावयाला अटक झाली, तेव्हा क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांनी पद सोडावे अशी ओरड देशभर झाली. त्यांनी सोडले नाही. त्या वेळी राजीनामा दिला तो सचिव संजय जगदाळे आणि खजिनदार असलेले पुण्याचे अजय शिर्के यांनी. ज्यांच्याकडे बोट होते ते बसले आणि इतर उठले! गंमत अशी की, पुढे जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे अध्यक्ष अनुराग ठाकूर यांच्यासह ज्या सचिवांना पदावरून दूर केले, ते हेच अजय शिर्के होते. लोढा समितीच्या शिफारशी मंडळ मानत नाही, हा ठपका होता. त्यानंतर विनोद राय यांच्या प्रशासक समितीने ऑक्टोबर २०१९ पर्यंत मंडळाचा कारभार पाहिला.

क्रिकेटमध्ये जे चालले ते फुटबॉलमध्ये चार महिनेही टिकले नाही. कारण सरळ आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात भारतीय बाजारपेठेवर अवलंबून आहे. भारतावर बंदी घालणे म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड. फिफाला भारताची तशी गरज नाही. आपल्या सदस्य संघटनेचा कारभार बाहेरच्या कोणी, मग ते सरकार असो की न्यायालय, हाती घेतला तर ती निलंबित करायची, हा फिफाचा नियम आहे आणि तो ती वापरते. केनियाच्या सरकारने निधीच्या गैरवापराच्या संशयावरून तेथील महासंघाची कार्यकारिणी नोव्हेंबर २०२१ मध्ये बरखास्त केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फिफाने केनियालाच निलंबित केले.

हा नियम मुळात वाईट हेतूने झालेला नाही. हुकूमशहांनी राष्ट्रीय संघ आपल्या खासगी मालमत्तेसारखे वागवले, मंत्र्यांनी पराभवानंतर कार्यकारिण्या बरखास्त केल्या, अशी उदाहरणे आफ्रिकेत आणि आशियात कमी नाहीत. संघटना स्वायत्त राहावी म्हणून उभारलेली ही भिंत आहे. परंतु भिंत आतल्या माणसांचेही रक्षण करते, मग ती माणसे कशीही असोत. संघटनेतून अंतर्गत मार्गाने अध्यक्षाला घालवता येत नाही, कारण मतदार त्याचेच. आणि बाहेरून घालवावे तर देशाचा खेळच बंद पडतो. या कात्रीत भारतीय फुटबॉल ऑगस्ट २०२२ मध्ये सापडले.

३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक लवकर घेण्याचा आदेश दिला आणि मतदारयादीत ३६ राज्य संघटनांच्या जोडीला ३६ नामवंत माजी खेळाडूंना स्थान दिले. भारतीय क्रीडा संघटनांच्या इतिहासात एवढा मोठा फरक आधी कोणी सुचवला नव्हता. दोनच दिवसांनी फिफाने कारवाईचा इशारा दिला. खेळाडूंचा आवाज असावा, पण निम्मी मते व्यक्तींच्या हाती देणे मान्य नाही, अशी तिची भूमिका होती. प्रशासक समितीने १० ऑगस्टला न्यायालयात अवमान याचिका दाखल केली आणि पटेल तसेच काही राज्य संघटनांचे पदाधिकारी न्यायालयाच्या आदेशात अडथळे आणण्यासाठी फिफाकडे संधान बांधत असल्याचा आरोप केला. पदावरून दूर झाल्यानंतरही पटेल फिफा परिषदेचे सदस्य होतेच. आरोप खरा की खोटा याचा निकाल पुढील घडामोडींत मागे पडला. कारण १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव सुरू असतानाच, त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने भारतीय महासंघ निलंबित केल्याचे जाहीर केले.

त्या दिवशी केरळमधील गोकुलम संघाच्या मुली ताश्कंदमध्ये होत्या. भारतीय विजेत्या म्हणून आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी त्या तेथे पोहोचल्या होत्या. खेळण्यासाठी सराव केला होता, विमानाचा प्रवास केला होता. मैदानात उतरता आले नाही. एकही सामना न खेळता त्या परतल्या. ऑक्टोबरमध्ये भारतात व्हायची सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा हातची जाण्याची वेळ आली. ज्या वादात त्या मुलींपैकी एकीचेही मत विचारले गेले नव्हते, त्याची किंमत सर्वप्रथम त्यांनी मोजली.

पुण्याचे सुरेश कलमाडी यांच्या प्रकरणात हेच घडले होते, याची येथे आठवण होते. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील कंत्राटांवरून एप्रिल २०११ मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा ते पंधरा वर्षे भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. ते गेले, पण त्याच प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेले ललित भानोत डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेचे सरचिटणीस म्हणून निवडले गेले, तेही बिनविरोध. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताला निलंबित केले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी स्पर्धेच्या उद्घाटनात भारताचे तीन खेळाडू तिरंग्याविना चालले. (राष्ट्रकुल प्रकरणातील आर्थिक गैरव्यवहाराचा तपास बंद करण्याचा सक्तवसुली संचालनालयाचा अहवाल दिल्लीतील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला.)

तेहतीस विरुद्ध एक

२२ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माघार घेतली. प्रशासक समिती बरखास्त झाली, मतदारयादीतील ३६ खेळाडूंची नावे गळाली आणि मताचा हक्क पुन्हा केवळ राज्य संघटनांकडे आला. कार्यकारिणीत सहा नामवंत खेळाडूंना स्थान मिळाले, पण निवडणुकीनंतर, नियुक्तीने. २६ ऑगस्टला निलंबन उठले. मुलींची विश्वचषक स्पर्धा झाली आणि तिचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला गेला.

त्याआधी २ सप्टेंबरला महासंघाची निवडणूक पार पडली. एका बाजूला भारताचा माजी कर्णधार बायच्युंग भुतिया, ज्याचे नाव फुटबॉल न पाहणाऱ्यालाही ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूला मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक, पश्चिम बंगालमधील भाजपचे नेते कल्याण चौबे. चौबे यांना ३३ मते मिळाली, भुतियाला एक. भुतियाच्या अर्जावर आंध्र प्रदेश आणि राजस्थान या दोन संघटनांच्या सह्या होत्या, म्हणजे सूचक आणि अनुमोदक मिळून दोन. मत पडले एक.

चौबे हे महासंघाच्या ८५ वर्षांच्या इतिहासातील पहिले खेळाडू-अध्यक्ष ठरले आणि त्याचे स्वागतही झाले. त्यांच्या राजकीय कारकिर्दीकडे पाहिले तर मात्र भंडाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २०१९ मध्ये कृष्णनगर लोकसभा मतदारसंघात ते महुआ मोईत्रा यांच्याकडून हरले. २०२१ मध्ये माणिकतला विधानसभा मतदारसंघात हरले. पुढे २०२४ च्या पोटनिवडणुकीत तेथेच पुन्हा हरले. जेथे सामान्य नागरिक मत देतो तेथे तीनदा पराभव, आणि जेथे संघटनांचे प्रतिनिधी मत देतात तेथे तेहतीस विरुद्ध एक. पक्ष बदलला, प्रांत बदलला, आलेख तोच.

नव्या राजवटीतही जुनी दृश्ये दिसू लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरचिटणीस शाजी प्रभाकरन यांना काढण्यात आले. मार्च २०२४ मध्ये महासंघाच्याच प्रधान कायदेविषयक सल्लागाराने अध्यक्षांवर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप केले. चौबे यांनी ते फेटाळले आणि सल्लागाराची सेवा संपुष्टात आणली गेली. मैदानावरची स्थिती तर बोलायलाच नको. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात तिन्ही सामने गमावले, एकही गोल न करता. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हार झाल्यावर भुतियाने अध्यक्षांच्या राजीनाम्याची उघड मागणी केली. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १४२ वा होता. राजीनामा आला नाही. तो मागणाऱ्यांपाशी मत नव्हते.

दरम्यान, २०१० मध्ये सातशे कोटी रुपयांत पंधरा वर्षांसाठी झालेला व्यापारी हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. पुढचे ठरत नाही म्हणून इंडियन सुपर लीग जुलै २०२५ मध्येच स्थगित झाली. क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार रोखले. जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्रीसह देशातील आघाडीच्या खेळाडूंनी चित्रफीत प्रसृत करून भारतीय फुटबॉल वाचवा, असे आवाहन केले. ते कोणाला उद्देशून होते? फिफाला. म्हणजे २०२२ मध्ये ज्या संस्थेने खेळाडूंच्या निम्म्या मतांना विरोध केला, तिच्याच दारी खेळाडूंना जावे लागले. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, असे जाहीर केले. या वेळी सरकारच्या मध्यस्थीला त्रयस्थांचा हस्तक्षेप म्हणून झुरिचहून कोणी हरकत घेतली नाही!

घटनेत काय आहे

२०१७ साली आठ आठवड्यांत होणार असलेली घटना अखेर १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली. माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी मसुद्यावरून अखेरचा हात फिरवला होता. न्या. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने चार आठवड्यांत ती स्वीकारण्यास सांगितले, आणि फिफानेही ३० ऑक्टोबरची मुदत देऊन निलंबनाचा इशारा दिला होता. १२ ऑक्टोबरला महासंघाने विशेष सभा घेतली.

या घटनेत दोन गोष्टी नव्या आहेत आणि दोन्ही राजीनाम्याच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. पहिली, अध्यक्षासह कोणत्याही पदाधिकाऱ्यावर अविश्वास ठराव आणता येईल. महासंघात अशी तरतूद यापूर्वी नव्हती. म्हणजे दासमुन्शी यांच्या वीस वर्षांत आणि पटेल यांच्या तेरा-चौदा वर्षांत एखाद्या राज्य संघटनेला खरोखरच अध्यक्ष नको झाला असता, तरी त्याला मुदतीआधी घालवण्याचा नियमच पुस्तकात नव्हता. दुसरी, सर्वसाधारण सभेत १५ माजी नामवंत खेळाडूंना मताधिकार मिळाला, त्यांत किमान पाच महिला. कार्यकारिणीच्या १४ जणांमध्येही पाच खेळाडू असतील आणि त्यांत दोन महिला. राज्य संघटनेतील पद आणि महासंघातील पद एकाच वेळी सांभाळता येणार नाही, ही अट सर्वाधिक वादाची ठरली, यात नवल नाही; तिने दुहेरी खुर्च्यांवर बसलेल्यांनाच हात घातला. चौबे यांच्या कार्यकारिणीला न्यायालयाने सप्टेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली.

३६ संघटना आणि १५ खेळाडू. २०२२ मध्ये निम्मे-निम्मे होते, आता खेळाडूंचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. अविश्वास ठराव संमत करायचा तर राज्य संघटनांतूनच मोठी फूट पडावी लागेल. तरीही एक मत आणि पंधरा मते यांत फरक आहे. खेळाडूंनी एकजूट राखली तर निवडणूक बिनविरोध होऊ न देण्याइतके बळ त्यांच्याकडे आले आहे. बिनविरोधची सवय लागलेल्या संस्थेत तेवढेही कमी नाही.

खालच्या पायऱ्यांवर मात्र घटना पोहोचलेली नाही. जवाहरनगरच्या निर्माणीत कामगारांच्या कार्य समितीसाठी मतदान होते. यंत्रावर उभा असलेला प्रत्येक कामगार त्यात गुप्त मत टाकतो आणि काम न करणाऱ्या प्रतिनिधीला पुढच्या खेपेस घरी बसवतो. याच वसाहतीच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू मारणाऱ्या मुलाला आपल्या खेळाच्या कारभारात असे मत कोठेच नाही. त्याचा क्लब नोंदलेला असला तर जिल्हा संघटनेत क्लबचा प्रतिनिधी बसतो, जिल्ह्यांचे प्रतिनिधी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमध्ये, आणि कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूर, कामठी, भंडारा धरून साऱ्या महाराष्ट्राच्या वतीने ही संघटना दिल्लीत जाऊन एक मत देते. २ सप्टेंबर २०२२ च्या मतदानात तेहतीस कोण आणि एक कोण, हे मतदान गुप्त असल्याने कोणत्याही राज्याला आपल्या खेळाडूंना सांगावे लागले नाही.